पाणी, पाषाण आणि माती



पृथ्वीला आकार देणाऱ्या शक्तींचा विषय निघाला की भूकंप व ज्वालामुखी यांचे स्मरण प्रथम होते. वस्तुतः या शक्ती दोन प्रकारच्या आहेत. भूगर्भातील उष्णतेची शक्ती भूमी उभारते. ऊन, वारा व पाणी यांची शक्ती ती झिजविते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात या दोहोंचे कार्य उघड्यावर पाहावयास मिळते.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हारस वर आला आणि थरावर थर देत पसरला. तो थिजून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. अकोले तालुक्यातील १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर याच पाषाणाचे आहे. डोंगरउतारांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे त्या थरांच्याच कडा होत.

हा पाषाण कठीण खरा. परंतु वाहत्या पाण्यापुढे त्याचाही निभाव लागत नाही. पारनेर तालुक्यातील निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात त्याचा पुरावा आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे खडकाच्या खळग्यात गरगर फिरतात आणि त्याचा तळ व कडा घासून काढतात. दीर्घकाळच्या या घर्षणातूनच तेथील प्रसिद्ध रांजणखळगे कोरले गेले आहेत.

जे पाणी पाषाण कोरते, त्याला माती वाहून नेण्यास कितीसा वेळ लागणार? खडक झिजून मातीचा बोटभर थर तयार होण्यास शतके लागतात. उघड्या उतारावरून तोच थर थोड्याशा जोरदार सरींत ओढ्याला मिळतो. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत असल्याने तेथे ही हानी दुहेरी ठरते. माती जाते आणि जमिनीत मुरावयाचे पाणीही जाते.

पाऊस थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. पाण्याचा वेग कमी करणे मात्र आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर, तर नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतरच्या काळात गावकऱ्यांनी हेच केले. समपातळी चर, नाला बांध, वृक्षलागवड आणि चराईबंदी यांमुळे धावणारे पाणी चालू लागले, चालणारे थांबले व थांबलेले मुरले. विहिरींना पाणी आले.

म्हणून पंचायतींनी मृदसंधारणाची कामे माथ्यापासून पायथ्याकडे घ्यावीत. वरचा उतार मोकळा सोडून खाली बांध घातल्यास तो गाळाने लवकर भरतो. शिक्षकांनी पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरून वर्गात ठेवावे. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेला गाळ विद्यार्थ्यांना दाखवावा. ती त्यांच्याच शिवाराची माती असते.