जुनी तबकडी आणि नवा डीव्हीडी प्लेअर

गंजाड, डहाणू, तलासरी या बाजूच्या घरांतून लग्नाच्या, तारपा नाचाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या डीव्हीडी तबकड्या कपाटात जपून ठेवलेल्या सापडतात. घरात नवा सपाट पडद्याचा टीव्ही आला की त्याच तबकडीवरचं चित्र पुसट वाटू लागतं. मग दुकानदार सांगतो, ‘अपस्केलिंगवाला प्लेअर घ्या, जुनी डीव्हीडी नव्यासारखी दिसेल.’ खरोखर तसं होतं का, आणि त्यासाठी पैसे मोडावेत का, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम हिशेब पाहू. टीव्हीवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. आपल्याकडच्या डीव्हीडीत आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. गुणाकार करा: ४ लाख १४ हजार ७२०. ‘फुल एचडी’ म्हणतात त्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. बरोबर पाचपट! तबकडीत ठिपका एक आणि पडद्यावर जागा पाच. उरलेल्या चार जागा कोणीतरी भरल्याच पाहिजेत. ही भरणी करणं, यालाच अपस्केलिंग म्हणतात.

ती भरतात कशी? शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधून. एका ठिपक्याचा उजेड १० आणि पुढच्याचा २० असेल, तर मधल्या जागी १५ ठेवायचा. युक्ती चांगली आहे. पण तो अंदाज आहे, माहिती नव्हे. गुरुजींनी वर्गात हे वारली चित्रावरून सांगावं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं आठवा. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांची किती बारीक वीण! चित्रीकरणातच त्या रेघा एकमेकींत मिसळून गेल्या असतील, तर कोणताही प्लेअर त्या सुट्या करून देणार नाही. जे तबकडीत उतरलंच नाही, ते यंत्राने आणायचं कुठून?

आता दुसरी गोष्ट. ही भरणी करणारं यंत्र तुमच्या घरात आधीच आहे. ते म्हणजे तुमचा सपाट टीव्ही! त्याला लहान चित्र दिलं, तर पडदा भरण्यासाठी तो ते स्वतःच मोठं करतो. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की हे काम टीव्ही बरं करतो की प्लेअर. टीव्ही बरा असेल, तर प्लेअरकडून फारसं जास्त मिळत नाही.

मग नवा प्लेअर लावल्यावर काहींना फरक दिसतो, तो कशाचा? बहुतेक वेळा तो तारेचा असतो. जुन्या प्लेअरला पिवळी, लाल, पांढरी अशी तीन टोकं असतात. त्यांतल्या एकट्या पिवळ्या तारेतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात, आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. त्यात रंग पसरतो. लाल तर फारच पसरतो. गेरूची भिंत म्हणूनच धुरकट दिसते. एचडीएमआय तारेतून चित्र आकड्यांच्या रूपात, न मिसळता जातं. हा लाभ एचडीएमआय असलेल्या साध्या प्लेअरमध्येही मिळतो. उलट ज्यांच्याकडे जुना, फुगीर काचेचा टीव्ही आहे आणि त्याला एचडीएमआयची जागाच नाही, त्यांनी अपस्केलिंगसाठी एक पैसाही जादा देऊ नये.

तिसरी गोष्ट आपल्या डोळ्यांची. ३२ इंची टीव्ही साधारण ४० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर डीव्हीडीच्या ५७६ ओळी पसरल्या तर एक ओळ सुमारे पाऊण मिलिमीटरची होते. निरोगी डोळ्याला आठ फुटांवरून याहून बारीक फारसं दिसत नाही. ओटीवर दहा-बारा फुटांवर बसून बघणाऱ्याला तबकडीत आहे तेवढंच पुरेसं आहे. शाळेत पडदा मोठा असेल आणि मुलं जवळ बसत असतील, तर मात्र फरक जाणवू शकतो.

आणि एक खरा फायदाही सांगितला पाहिजे. आपल्याकडच्या डीव्हीडीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. ती नीट जुळवली नाहीत, तर हलत्या हातापायांच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. चांगला प्लेअर ही जुळणी चांगली करतो. म्हणून खरेदीला जाताना घरची, नाचाची तबकडी बरोबर न्या. एकाच टीव्हीवर दोन्ही प्लेअर एचडीएमआयनेच लावायला सांगा आणि घरी बसता तितक्या अंतरावरून बघा. फरक दिसला नाही, तर सरळ घरी या.

त्याआधी घरच्या टीव्हीची एक बिनखर्चाची दुरुस्ती करून पाहा. जुनं चित्रीकरण बहुधा ४ : ३ आकाराचं असतं; टीव्ही ते ओढून १६ : ९ करतो आणि माणसं एक तृतीयांश रुंद होतात. सेटिंगमध्ये ४ : ३ करा. नवरानवरी लगेच सडसडीत होतील!

तेव्हा माझं सांगणं असं. जुना प्लेअर चालू असेल, तर केवळ अपस्केलिंगसाठी नवा घेऊ नका. तो बिघडला असेल किंवा टीव्हीला तीन टोकांची जागा नसेल, तर एचडीएमआय असलेला साधा प्लेअर घ्या. अपस्केलिंग त्याच किमतीत मिळालं तर ठीक.

वाचलेले पैसे कुठे लावावेत? तबकडी वाचवण्यात. लग्नाची किंवा शाळेची तबकडी बहुधा एकेक करून भरलेली असते. तिच्यात रंगाचा पातळ थर असतो. ऊन आणि उष्णता यांनी तो खराब होतो. आणि एकदा तबकडी वाचेनाशी झाली, की सर्वांत महागडा प्लेअरही आजोबांचा तारपा ऐकवू शकत नाही. संगणकावर तिची नक्कल करून घ्या. एका तबकडीत ४.७ जीबी मावतं. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये अशा बारा-तेरा तबकड्या सहज बसतात. एक नक्कल घरी ठेवा, दुसरी नातेवाइकांकडे. मूळ तबकडी डबीत, उभी, सावलीत ठेवा. पुसताना मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नको.

गुरुजींना विनंती की शाळेतल्या तबकड्यांची एकदा मुलांकडून यादी करून घ्यावी आणि प्रत्येकीवर काय आहे, कोण दिसतंय, कोणत्या वर्षीचं आहे, हे गावातल्या जाणत्यांना विचारून लिहावं. पडद्यावरचे चार ठिपके यंत्र अंदाजाने भरील. पण नाचणाऱ्याचं नाव त्याला अंदाजाने सांगता येणार नाही.