अभ्यास आणि सेवा : बहाई तरुणांची उन्हाळी शाळा



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच काहीतरी ऐकावयास मिळणार, अशी आपली समजूत असणार. आजचा आमचा विषय वेगळा आहे. तो एका धर्मसमाजातील तरुण मुलामुलींच्या सुट्टीचा आहे. आम्ही त्या धर्माचे नाही. किंबहुना कोणत्याच देवळाच्या पायऱ्या आम्ही फारशा झिजविलेल्या नाहीत. तरीही हा विषय आम्ही चालकांकडून मागून घेतला. त्याचे कारण आमच्याच एका फजितीत आहे.

काही वर्षांमागे आमच्या संघटनेने तरुण कामगारांसाठी मे महिन्यात तीन दिवसांचे अभ्यासशिबिर भरविले होते. मांडव होता, जेवण उत्तम होते, बाहेरगावाहून विद्वान वक्ते आणले होते. कायद्यांवर, अर्थव्यवस्थेवर, चळवळीच्या इतिहासावर भाषणे झाली. आम्हीही दोन तास बोललो. शेवटच्या दिवशी मागच्या रांगेतील एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, हे सगळं ऐकलं. पण उद्या सकाळी मी नेमकं काय करू?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. "सभासद वाढव," एवढेच आम्ही म्हणालो. पोरगा खाली बसला. पुढच्या शिबिराला तो आला नाही.

तो प्रश्न आमच्या मनात सलत राहिला. इतर लोक आपल्या तरुणांचे काय करतात, हे आम्ही वाचू लागलो. शाळा आमची लवकर सुटली. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि माणसांत शिकलो. त्या वाचनात बहाई लोकांच्या उन्हाळी शाळांची हकीकत हाती आली. तीच आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

प्रथम हे बहाई कोण ते सांगितले पाहिजे. १८४४ साली इराणातील शिराझ शहरी बाब या नावाने ओळखल्या गेलेल्या एका तरुणाने नव्या युगाची घोषणा केली. १८५० साली तब्रीझ येथे त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांच्यामागून बहाउल्ला यांनी या धर्माची स्थापना केली. १८१७ साली तेहरानात जन्मलेल्या या पुरुषाचे पुढचे आयुष्य कैदेत आणि हद्दपारीत गेले; १८९२ साली अक्का शहराजवळ त्यांचा अंत झाला. ईश्वर एक, सर्व धर्मांचे मूळ एक, मानवजात एक, स्त्रीपुरुष समान, आणि शिक्षण प्रत्येकाला मिळालेच पाहिजे, ही त्यांची मुख्य शिकवण. सेवेच्या भावनेने केलेले काम ही उपासनाच होय, असेही ते मानतात. कामगाराने हे वाक्य ऐकले की त्याचे कान टवकारावेत, यात नवल ते काय? आणखी एक गोष्ट. या धर्मात पुरोहितवर्ग नाही. भटजी नाही, मुल्ला नाही, पाद्री नाही.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे असे मात्र समजू नका. बहाउल्लांचे पुत्र अब्दुल बहा यांनी इराणच्या सुधारणेविषयी, शिक्षण आणि न्याय यांविषयी १८७५ साली एक ग्रंथ लिहिला. तो १८८२ साली शिळाप्रेसवर छापला गेला तो आपल्या मुंबईत. १९४५ साली पाचगणीस बहाईंनी न्यू एरा हायस्कूल काढले. दिल्लीचे कमळाच्या आकाराचे उपासनामंदिर १९८६ साली उघडले. आपल्यापैकी अनेकांनी सहलीत ते पाहिले असेल.

आता उन्हाळी शाळेकडे वळू. अमेरिकेच्या मेन राज्यात, पिस्काटाक्वा नदीच्या काठी एलियट नावाचे गाव आहे. तेथे सारा फार्मर या बाईंनी १८९४ च्या उन्हाळ्यात ग्रीन एकर नावाच्या जागी व्याख्याने आणि चर्चा यांचा मेळा सुरू केला. सर्व धर्मांच्या माणसांनी एकत्र यावे, तंबूत राहावे, मोकळ्या हवेत बोलावे आणि ऐकावे, हा हेतू. त्याच पहिल्या उन्हाळ्यात तेथे कोण बोलले असेल? आपले स्वामी विवेकानंद. शिकागोची परिषद होऊन वर्षही झाले नव्हते. पाइन वृक्षाखाली मांडी घालून ते वेदान्त सांगत आणि भोवती अमेरिकन स्त्रीपुरुष गवतावर बसून ऐकत. पुढे सारा फार्मर बहाई झाल्या. चाळीस वर्षांच्या बंदिवासातून सुटलेले अब्दुल बहा १९१२ च्या ऑगस्टमध्ये ग्रीन एकरला येऊन राहिले, आणि ती जागा हळूहळू बहाईंची उन्हाळी शाळा बनली. त्या धर्तीवर १९२७ साली कॅलिफोर्नियात गायझरविल येथे आणि १९३१ साली मिशिगनमध्ये लूहेलन येथे शाळा निघाल्या.

परंतु या शाळांना एक मर्यादा होती, आणि ती आपल्या या व्याख्यानमालेलाही आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात लावलेल्या रोपट्याची आम्ही सर्व फळे चाखली आहेत. त्याविषयी कृतज्ञताच आहे. तथापि एकाने बोलावे आणि शंभरांनी ऐकावे, एवढ्यावरच काम थांबले तर ऐकणारा शहाणा होतो पण हलत नाही. शिवाय महिनाभर नदीकाठी जाऊन राहावयास फुरसत आणि पैसा लागतो. पाळीवर जाणाऱ्या माणसाला तो कोठून मिळणार?

या प्रश्नाचे उत्तर जेथून आले ती जागा आम्हांला फार जवळची वाटली. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, काली शहराच्या दक्षिणेस, नोर्ते देल काउका हा प्रदेश आहे. वस्ती बहुतेक आफ्रिकी वंशाच्या लोकांची. गुलामगिरीतून सुटलेल्यांचे हे वंशज. यांची कोकोची आणि केळीची छोटी शेते होती. विसाव्या शतकात साखरेचे मळे पसरत गेले, शेते उसाखाली गेली आणि शेताचा धनी त्याच मातीत मजूर झाला. ऊसतोडणीचा कोयता ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

तेथे १९७४ साली फुंडाएक नावाची संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत फरझाम अरबाब हे इराणी बहाई होते. पदार्थविज्ञानाचे पंडित, कालीच्या विद्यापीठात शिकविणारे. खेड्यातला हुशार मुलगा शिकला की खेडे सोडून जातो. मग शिक्षणाने खेड्याला मिळाले काय, हा या मंडळींचा प्रश्न होता. त्यांनी गावातल्याच तरुणाला शिकवून गावातल्याच मुलांचा मार्गदर्शक करण्याची पद्धत बसविली. याच देशात बहाईंची रुही संस्था वाढली आणि तिने तरुणांसाठी अभ्यासपुस्तकांची मालिका तयार केली. १९९६ पासून जगभरच्या बहाईंनी अशा शिक्षणसंस्था उभारण्याचे काम हाती घेतले, आणि कोलंबियातील पुस्तके देशोदेशी गेली.

सुट्टीतील अभ्यासवर्ग या पुस्तकांवर चालतो. तो कसा, ते पाहा. दहापंधरा तरुण आठवडा-दोन आठवडे एकत्र राहतात. सकाळी प्रार्थना होते. मग लहान गट करून बसतात. वक्ता नसतो, ज्याने तो अभ्यास आधी पुरा केला आहे असा एखादा सोबती असतो. एक छोटा उतारा वाचावयाचा, त्याचा अर्थ एकमेकांना विचारावयाचा, काही वचने पाठ करावयाची, आणि हे आपल्या वस्तीत कसे लागू पडते यावर बोलावयाचे. दुपार कलली की सारे वस्तीत जातात. येथेच खरी मेख आहे. प्रत्येक पुस्तकाला एक काम जोडलेले आहे. पहिले पुस्तक झाले की शेजाऱ्यांना बोलावून प्रार्थनेची छोटी बैठक घ्यावयाची. दुसऱ्याबरोबर घरोघर जाऊन माणसांशी अर्थपूर्ण बोलावयास शिकावयाचे. तिसऱ्याबरोबर लहान मुलांचा वर्ग चालवावयाचा. पाचव्यात बारा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा गट सांभाळावयास शिकतात. तो गट गोष्टी वाचतो, विचार मांडावयास शिकतो आणि वस्तीच्या उपयोगाचे एखादे काम स्वतः ठरवून करतो. सुट्टी संपते, पण वर्ग आणि गट चालू ठेवावयाचे असतात. आज शिकलेला उद्या दुसऱ्यांना शिकवावयास बसतो.

आमच्या शिबिरातल्या त्या पोराला हेच हवे होते. उद्या सकाळी काय करू, याचे उत्तर येथे पुस्तकातच लिहिलेले आहे.

२०१३ साली जुलै ते ऑक्टोबर या काळात बहाईंनी जगात ११४ ठिकाणी युवक परिषदा भरविल्या आणि ८०,००० हून अधिक तरुण त्यांना आले. एवढ्या मोठ्या मेळाव्यांतही प्रश्न तोच होता : परत गेल्यावर आपल्या वस्तीत काय करावयाचे?

कोणी म्हणेल, मुलांना गोष्टी सांगणे आणि प्रार्थना शिकविणे हे निरुपद्रवी काम आहे, त्यात एवढे काय? त्याचे उत्तर शिराझ शहराने दिले आहे. मे २००६ मध्ये तेथे ५४ बहाईंना पकडण्यात आले. बहुतेक तरुण होते. गरीब वस्तीतल्या मुलांना ते लिहावाचावयास शिकवीत होते. शहराच्या इस्लामी परिषदेचे परवानगीपत्र त्यांच्यापाशी होते. तरीही तिघांना चार वर्षांची कैद झाली आणि इतरांना स्थगित शिक्षा. त्याच शिराझमध्ये १८ जून १९८३ रोजी दहा बहाई स्त्रियांना फाशी दिले गेले. सर्वांत धाकटी मोना महमूदनिझाद १७ वर्षांची होती. मुलांचे वर्ग घेणे हाही तिचा एक अपराध ठरला होता. १९७९ च्या क्रांतीनंतर तेथील बहाई तरुणांना विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा १९८७ साली त्यांनी घराघरांतून आपले उच्च शिक्षण सुरू केले. बंधूंनो, शिकलेला माणूस इतरांना शिकवावयास निघाला की सत्तेला त्याची भीती वाटते. आमचाही तोच अनुभव आहे. घोषणा देणाऱ्याला एक रात्र कोठडीत ठेवून सोडतात. रात्रीचा वर्ग चालविणाऱ्यावर बारीक नजर असते.

आता आमचे मतभेद. ते लपविले तर या व्यासपीठाचा अपमान होईल.

पहिली शंका आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आली असेल : हा धर्मप्रसार नव्हे काय? बहाई आपला धर्म सांगतात, ही गोष्ट ते झाकून ठेवीत नाहीत. पुस्तकांत त्यांच्या धर्मग्रंथांतील वचने आहेतच. मात्र वर्ग सर्वांना खुले असतात आणि इतर धर्मांचे तरुण आपापल्या धर्मात राहूनच त्यांत काम करतात. आमचे म्हणणे एवढेच की कोणाच्याही वर्गात मूल पाठवावयाचे तर तेथे काय वाचले जाते हे आईबापांनी स्वतः बसून पाहावे. हा नियम आमच्या शिबिरालाही लागू आहे.

दुसरा मतभेद मोठा आहे. बहाई पक्षीय राजकारणात पडत नाहीत. वस्तीत मुलांचा वर्ग चालतो. पण नळाला पाणी का नाही आणि कंत्राटदार पुरती मजुरी का देत नाही, हे भांडून कोणी विचारावयाचे? ते म्हणतील, माणसे एकत्र बसून विचारविनिमय करतील आणि हळूहळू मार्ग निघेल. आम्ही म्हणतो, समोरचा बसावयास तयार नसेल तेव्हा रस्त्यावर उतरावे लागते. नोर्ते देल काउकाची जमीन उसाखाली गेली ती कोणाच्या गैरसमजामुळे नव्हे. संघर्षावाचून न्याय मिळतो हे आम्ही आजही मानीत नाही.

परंतु हेही खरे की संघर्ष करणाऱ्यांनी आपले घर तपासावे. बहाईंच्या प्रत्येक स्थानिक सभेवर नऊजण निवडले जातात. निवडणुकीला उमेदवार नसतो, प्रचार नसतो, कोणी मत मागत नाही. गुप्त मतदानाने ज्याला त्याला योग्य वाटतील ती नऊ नावे लिहावयाची. आमच्या संघटनांत हा नियम आणला तर कित्येकांची झोप उडेल. आमचीही उडेल! संघर्षाने पगार वाढतो, पण माणूस वाढविण्याची वेगळी सोय करावी लागते. नारायण मल्हार जोशी यांनी १९२० साली आयटकच्या स्थापनेत भाग घेतला. पण त्याआधी १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली. शाळा आधी, संघटना मागून. आम्ही मंडळी तो क्रम विसरलो आणि संघटना म्हणजे वर्गणीच्या पावत्यांचा गठ्ठा समजू लागलो.

म्हणून आमची आपल्याला एकच विनंती आहे. या गावात सुट्टीला आलेली पोरे संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली आपण पाहतो आणि त्यांना नावे ठेवतो. त्यांना काम कोणी दिले आहे? पुढच्या मे महिन्यात या सभागृहातल्या मंडळींनी दहा मुलेमुली आणि एक वस्ती निवडावी. सकाळी त्यांनी वाचावे. काय वाचावे ते आपापल्या श्रद्धेने आणि बुद्धीने ठरवा. दुपारी त्यांनी वस्तीतल्या मुलांना शिकवावे. जून उजाडला की वर्ग बंद करू नये. व्याख्याते बोलावूच नका, आम्हांलाही नको. सतरंजी, फळा आणि रोज येणारे एक वडीलधारे माणूस, एवढे भांडवल पुरे.

आमच्या संघटनेत आम्ही या वर्षी एवढे सुरू केले आहे. शिबिर तीन दिवसांचेच आहे. पण प्रत्येक तरुणाने जाताना एक काम आणि एक वस्ती लिहून द्यावयाची आणि तीन महिन्यांनी येऊन काय झाले ते सांगावयाचे. तो पूर्वीचा पोरगा कोठे असतो याची चौकशी चालू आहे. भेटला तर त्याला सांगावयाचे आहे की त्याच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, सापडू लागले आहे.