उत्क्रांतिवाद आणि कुळाचा अभिमान
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात वसई येथे दिलेले भाषण)



वधूवर-सूचीतील ‘वर्ण’ हा रकाना काढावा, अशी सूचना आम्ही मांडली, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी उत्क्रांतिशास्त्राचा हवाला देऊन तीस विरोध केला. उत्तम बीज राखणे हा निसर्गाचाच नियम होय, असे ते म्हणाले. त्यांचा मान राखून चार शब्द बोलतो.

शास्त्रज्ञही आपल्या काळाचे विचार घेऊनच निरीक्षणास बसतो. डार्विनला नैसर्गिक निवडीचे सूत्र १८३८ साली सापडले, ते माल्थस या अर्थशास्त्रज्ञाचा लोकसंख्येवरील निबंध वाचताना. ‘लायक तो टिकतो’ हे शब्द तर स्पेन्सर या तत्त्वज्ञाचे, १८६४ चे. पुढे लोकांनी त्यांचा अर्थ ‘बळी तो कान पिळी’ असा करून घेतला.

आपल्याकडे १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता लावू पाहिली! मालवणच्या डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात, उत्तरेचा एक प्रदेश वगळता हा मेळ बसत नाही, असे दाखविले.

परंतु आम्हांस विशेष कौतुक वाटते ते इरावतीबाई कर्वे यांचे. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, जे पुढे नाझींचे पाठीराखे झाले. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेत युरोपीय वंशाचे वेगळेपण दिसेल, ही त्यांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध आढळला नाही, आणि परक्या देशातील त्या तरुण विद्यार्थिनीने प्रबंधात तसेच लिहिले. पुढे महाराष्ट्रात परतल्यावर त्यांनीही जातवार मोजमापे घेतलीच. गुरूची मापे शिष्येच्या हातून सुटली नाहीत, एवढे म्हणणे भाग आहे.

आपल्या वसईतच पाहा. कादोडी बोली सामवेदी ब्राह्मणांच्या घरी आहे आणि कुपारी ख्रिस्ती बांधवांच्या घरीही. पोर्तुगीज अमलात धर्म पालटला, बोली राहिली. मग कोणाचे बीज निराळे म्हणावे?

‘शुद्ध रक्त’ हे शब्द याच स्मरणिकेत पूर्वी आम्हीही लिहिले आहेत, आणि ते आम्ही आज मागे घेतो. रकान्याविषयीची सूचना भोजनोत्तर बैठकीत मतास टाकली जाईल. भगिनींनी मतदानापूर्वी घरी जाऊ नये, ही विनंती.