इंजिन खोलायचं, बदलायचं की वाढवायचं?

गोखिवऱ्याहून आम्ही बोलतोय, वसई पूर्वेच्या बचत गटांच्या बायका. आज पापड-मसाल्याचं काही नाही. आज इंजिनाबद्दल बोलायचं आहे. हसू नका. गटाच्या नावावर टेम्पो असेल, पॉवर टिलर असेल, पाण्याचा डिझेल पंप असेल, तर एक दिवस हा प्रश्न तुमच्याही बैठकीत येणार आहे, आणि तेव्हा गॅरेजवाला म्हणेल तेवढंच खरं असं होऊ नये.

आमचा टेम्पो दोन सिलिंडरचा, डिझेलवर चालणारा, जुना विकत घेतलेला. पहाटे पारोळ बाजूची भाजी आणायची, दुपारी कारखान्यांत डबे पोचवायचे, आणि आठवड्यातून दोनदा घोडबंदरमार्गे ठाण्याला माल न्यायचा. पाच गटांचे हप्ते त्याच्यावर चालतात. गेल्या उन्हाळ्यात तो निळा धूर सोडायला लागला, ऑईल पिऊ लागला, आणि गायमुखच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्येही कुंथायचा. टेम्पो चालवणारी आमचीच ताई आहे. तिने बैठकीत स्पष्ट सांगितलं, इंजिनाचं काम काढा, नाहीतर गणपतीच्या ऑर्डरीत हा रस्त्यात बसेल.

मग तीन सल्ले आले. एक म्हणाला, तुमचंच इंजिन खोलून नव्याने बांधू. दुसरा म्हणाला, कंपनीचं तयार हाफ इंजिन आणून बसवा. तिसरा जरा हौशी होता. तो म्हणाला, खोलतोच आहोत तर मोठा क्रँक टाकून स्ट्रोक वाढवतो, घाट हसत चढेल. आमच्या दोन-तीन जणींना हा तिसरा सल्लाच फार आवडला होता, म्हणून आधी तोच समजून घेऊ.

सिलिंडर म्हणजे उखळ आणि पिस्टन म्हणजे मुसळ असं धरा. उखळाची रुंदी म्हणजे बोअर. मुसळ वरून खाली जेवढं जातं तेवढा स्ट्रोक. हे वर-खाली जाणं गोल फिरवण्यात बदलतो तो क्रँक. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका लांब, तितका हाताचा फेरा मोठा आणि जोरही जास्त लागू होतो. क्रँकचंही तसंच. त्याचा खुंटा लांब केला की स्ट्रोक वाढतो, सिलिंडरमध्ये हवा जास्त मावते, ताकद वाढते. अशा वाढवलेल्या इंजिनाला स्ट्रोकर म्हणतात. अमेरिकेत गाड्यांच्या शौकिनांत हे जुनं वेड आहे. शेव्हरलेच्या ३५० घनइंचाच्या पेट्रोल इंजिनात ४०० घनइंचवाल्याचा क्रँक घासून बसवायचा, सिलिंडर थोडा मोठा करायचा, की ३८३ घनइंच होतात. तिथे त्यासाठी लागणारे पिस्टन, रॉड सगळं तयार मिळतं.

आपल्या टेम्पोला काय होतं ते बघा. बोअर ७५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७९.५ मिलिमीटर असलेलं दोन सिलिंडरचं इंजिन ७०२ सीसीचं होतं. त्याचा स्ट्रोक ५ मिलिमीटरने वाढवला तर ते साधारण ७४७ सीसी होईल. पण स्ट्रोक ५ने वाढला म्हणजे पिस्टन वरच्या बाजूला अडीच मिलिमीटर जास्त येणार आणि खाली अडीच जास्त जाणार. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंत जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास फट राहते. मग हा पिस्टन सरळ हेडवर आदळणार! ते टाळायला वेगळ्या मापाचा पिस्टन किंवा आखूड रॉड बनवून घ्यावा लागतो, क्रँकचं वजन नव्याने तोलावं लागतं, डिझेल पंपाची सेटिंग बदलावी लागते. क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक मात्र जुन्याच ताकदीचे. उद्या एखादा रॉड तुटला तर तसाच दुसरा कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

आणि कागदांचं काय? आरसी बुकात सीसी लिहिलेले असतात. मोटार वाहन कायदा १९८८, त्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला आणि विमावाल्यांनी हे काढलं, तर पाच गटांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? शर्यतीची मोटरसायकल असेल तर त्यांची हौस त्यांना लखलाभ. पोटाच्या गाडीत आम्हाला हे नको होतं, आणि आमच्या मते तुम्हीही करू नये.

शिवाय मुळात आपली ताकद कमी का झाली होती? आम्ही कॉम्प्रेशन तपासून घेतलं. एका सिलिंडरमध्ये दाब बराच कमी निघाला. म्हणजे इंजिन लहान नव्हतं, झिजलं होतं. आणि खरं सांगायचं तर ठाण्याच्या फेरीला पावतीवर लिहिलेल्यापेक्षा पाटी-दोन पाट्या जास्त चढतात, हे बैठकीत सगळ्यांना माहीत होतं.

आता उरले दोन. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, त्यात बसवलेला क्रँक, रॉड, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग, सगळं कारखान्यात मापाने जोडलेलं. वरचं हेड त्यात नसतं. डिझेल पंप, स्टार्टर, अल्टरनेटर नसतो. दुकानदार किंमत सांगतो ती तेवढ्याच वस्तूची. आम्हाला सांगितली ५८,००० रुपये. पण आपलं जुनं हेड त्यावर बसवायचं म्हणजे हेड फेसिंग, व्हॉल्व्ह घासणं, गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट, ऑईल, फिल्टर, मजुरी, असे आणखी १३,०००. एकूण ७१,०००, आणि गाडी चार दिवसांत हातात.

आपलं इंजिन बांधायचं तर अंदाज होता ३८,०००. त्यात सिलिंडर बोअर करून एक माप मोठे पिस्टन, क्रँक घासून त्या मापाची बेअरिंग, हेडचं काम, मजुरी. पण चौदा दिवस लागणार. चार ऐवजी चौदा, म्हणजे दहा दिवस जास्त भाड्याचा टेम्पो. भाड्याला रोज १,६००, आपल्या गाडीला डिझेल धरून ७०० लागायचे, म्हणजे रोज ९०० वर. दहा दिवसांचे ९,०००. तरीही ४७,०००. चोवीस हजारांचा फरक! आमच्या टेम्पोच्या खात्यात होते ४०,०००. अर्ध्याहून जास्त बायकांनी लगेच हात वर केला, बांधूनच घेऊ.

एक काकू मात्र अडून बसल्या. त्या म्हणाल्या, आत काय निघेल ते न बघता ३८,००० कोणी ठरवले? शिवायला दिलेलं जुनं लुगडं उसवल्याशिवाय कळतं का किती कापड राहिलंय? आमच्या मते त्या बैठकीतलं सगळ्यात कामाचं वाक्य ते होतं. म्हणून ठरवलं, आधी फक्त खोलून मोजायचं, त्याची मजुरी वेगळी द्यायची, आणि दोघीजणींनी तिथे उभं राहायचं.

मोजणी बघण्यासारखी असते. बोअर गेज सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली फिरवतात, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, वरच्या रिंगेजवळ जास्त असते. मायक्रोमीटरने क्रँकचे जर्नल मोजतात. क्रँक पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर असा ठरलेल्या मापांनीच घासता येतो, त्या मापाची बेअरिंग मिळायला हवीत. आमचे सिलिंडर बरे निघाले, एका मापात बसणारे. पण क्रँक? तो आधीच्या मालकाने शेवटच्या मापापर्यंत घासून घेतलेला होता, आणि एक जर्नल तापून निळा पडला होता. तो आता भंगारातच.

म्हणजे नवा क्रँक आला, १७,००० वाढले. ४७चे ६४,००० झाले. समोर हाफ इंजिन ७१,०००चं. फरक उरला सात हजारांचा. एकीकडे बोअर एकाकडे, क्रँक दुसऱ्याकडे, जुळवणी तिसऱ्याकडे, बिघडलं तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. दुसरीकडे एका बिलावर एक वस्तू आणि लेखी वॉरंटी. आम्ही हाफ इंजिन घेतलं. उरलेले ३१,००० दोन गटांनी आपल्या बचतीतून महिना एक टक्क्याने दिले. क्रँक चांगला निघाला असता तर आम्ही बिनदिक्कत जुनंच बांधून घेतलं असतं, हेही सांगून ठेवतो.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. जुना ब्लॉक बोअर केला तर नंबर तोच राहतो. ब्लॉकच बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आपल्याकडे विरारला. त्यासाठी पक्कं बिल हवंच. कच्च्या चिठ्ठीवर थोडं स्वस्त देतो म्हणणारा भेटेल, त्याच्याकडून घेऊ नका, पासिंगच्या वेळी अडकाल. जुने पार्टही मोजून परत मागा. भंगाराचे पैसे गटाचे असतात.

सध्या टेम्पो नव्या इंजिनावर बसतोय. पहिले हजार किलोमीटर ताई निम्माच माल घेते, इंजिन ताणत नाही, गाडी एकाच वेगात फार वेळ पळवत नाही, आणि रोज सकाळी ऑईलची काडी बघते. हजार झाले की ऑईल आणि फिल्टर बदलायचा. तोवर ठाण्याची भाजी दोन फेऱ्यांत जाते आहे, आणि दुसऱ्या फेरीला कोण बरोबर जाणार यावरून आमच्यात रोज भांडण. येत्या मंगळवारी बैठकीत त्याची पाळी लावणार आहोत.