शिधा आणि श्रावण



धान्यकोठ्या आणि अन्नछत्रे चालवणाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे दिले आहे. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचे हात डाळ निवडणारे, पोती उचलणारे, वहीत नोंदी करणारे आहेत. अशा सभेपुढे अन्नदानाचे माहात्म्य सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे आणि ती थोडी टोचेल. आपण शिधा गोळा करतो तो देणाऱ्याच्या सोयीने. तो घेणाऱ्याच्या चुलीकडे बघून गोळा करायला आपण अजून शिकलेलो नाही.

आपल्या कोठ्यांच्या वह्या उघडून बघा. धान्य कधी येते? दिवाळीत, गणपतीत, पितृपक्षात, एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला, आर्थिक वर्ष संपताना मार्चमध्ये. आता भूक कधी येते ते बघू. जव्हार-मोखाड्याच्या, अक्कलकुव्याच्या, मेळघाटाच्या डोंगरात भात, नागली, वरई घरात येते ती आश्विन-कार्तिकात. तो दाणा पुरवून पुरवून वैशाखापर्यंत जातो. ज्येष्ठात बियाण्याला पैसे लागतात, आषाढात लावणीची मजुरी मिळते, आणि लावणी आटोपली की श्रावण-भाद्रपदात हाताला काम नाही, कणगीत दाणा नाही, ओढ्यांना पाणी आल्याने रस्ता नाही. याच दिवसांत बायका रानभाज्यांवर घर चालवतात. शहरात आपण रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. चांगली गोष्ट आहे. पण त्या भाज्या कुठल्या महिन्यात आणि का खाल्ल्या जातात, तेही त्या मांडवात कुणीतरी सांगायला हवे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लेकरे दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. ते मृत्यू अचानक आलेले नव्हते. दरवर्षी येणारा भुकेचा हंगाम त्या वर्षी अधिक क्रूर झाला, इतकेच.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात तगता यावे म्हणून राज्याने १९७८ मध्ये खावटी कर्जाची योजना सुरू केली होती. केंद्राने १९९६-९७ मध्ये ग्राम धान्यकोषाची योजना आणली. गावात धान्य ठेवायचे, नडीच्या काळात कुटुंबाने उसने न्यायचे, पीक आल्यावर परत भरायचे. कल्पना उत्तम. चालवायला मात्र गावातली माणसे लागतात. उंदीर लागू नयेत म्हणून लक्ष ठेवणारी, परत न देणाऱ्याच्या घरी जाऊन न भांडता विचारणारी. जिथे अशी माणसे होती, विशेषतः बायकांचे गट होते, तिथे कोष टिकले.

शहरातल्या भुकेचेही महिने असतात, ते आपण मोजत नाही. जूनमध्ये वह्या-पुस्तके आणि फी घरातला पैसा ओढून नेतात. पावसाळ्यात बांधकामे थंडावतात आणि मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहिलेला माणूस अकरा वाजता तसाच घरी परततो. मराठवाड्यात दुष्काळ पडला की पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना घरून येणारे मेसचे पैसे थांबतात. ती एक वेळ जेवतात आणि कुणाला सांगत नाहीत. ऊसतोडणीला जोडपी गेली की मागे राहिलेली म्हातारी माणसे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कशी जेवतात, हे बीड-पाटोद्याकडच्या आशाताईंना विचारा.

आता शिध्यात काय असते ते पाहू. आपण आवाहन करतो, “धान्य द्या.” धान्य म्हटले की लोक तांदूळ आणि गहू आणतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, २०२३ पासून ते मोफत आहे, आणि त्यात प्रामुख्याने तांदूळ आणि गहूच असतो. म्हणजे ज्या घरात रेशनचा तांदूळ आहे त्या घरात आपण आणखी तांदूळ नेऊन ठेवतो. त्या घरात नसते ती डाळ. नसते ते तेल. शेंगदाणे नसतात, गूळ नसतो. कित्येकदा हळद-तिखटही नसते. माझ्या ओळखीच्या एका वस्तीत एका बाईने आमच्या कार्यकर्तीला सांगितले होते, “ताई, भात आहे, त्याच्यावर घालायला काही द्या.” आपल्या कामाचे याहून नेमके मार्गदर्शन मला कुठल्याही अहवालात सापडलेले नाही.

शिक्षकांशी मला इथे जरा सविस्तर बोलायचे आहे. शाळेत ‘मूठभर धान्य’ उपक्रम होतो. मुले घरून पिशवीत तांदूळ आणतात आणि वर्गाच्या कोपऱ्यातल्या एकाच पिंपात ओततात. फोटो सुंदर येतो. त्या पिंपात कोलम असतो, इंद्रायणी असतो, बासमतीचा तुकडा असतो, रेशनचा जाडा असतो, नवा असतो, जुना असतो. तो तांदूळ कोणी शिजवून पाहिला आहे का? इंद्रायणीचा गोळा होतो तोवर जाडा कच्चाच असतो. डाळींची तीच गत. तूर शिजते आणि हरभरा टणक राहतो. आधीच गॅस पुरवून वापरणाऱ्या घराला आपण दुप्पट जाळ लावायला लावतो. त्यावर उपाय इतका साधा आहे की तो आजवर सर्वत्र का झाला नाही याचे आश्चर्य वाटते. पाचवीने तूरडाळ आणायची, सहावीने शेंगदाणे, सातवीने गूळ, आठवीने तेलाची बंद पिशवी. आणायच्या आधी मुलांनी वस्तीतल्या चार आयांना विचारून यादी करायची. त्या यादीतून मुले जे शिकतील ते पिंपाच्या फोटोतून शिकणार नाहीत.

कोठीतल्या कामाबद्दलही दोन शब्द. साबण, उदबत्ती आणि पीठ एकाच पिशवीत बांधू नका. भाकरीला साबणाचा वास येतो आणि पोर ती खात नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आलेली डाळ ऊन दाखवल्याशिवाय पिंपात भरू नका. तांदळाला एरंडेलाचा हात, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला, पोत्यांखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर. हे सारे आपल्या आजीला ठाऊक होते. तेलाच्या पिशवीवरची तारीख वाचा. जे आपण आपल्या घरात शिजवणार नाही ते कोठीत घेऊ नका, देणारा कितीही मोठा असला तरी.

लग्नकार्यातल्या उरलेल्या अन्नाविषयी लोक फार विचारतात. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली रोटी बँक सुरू केली तेव्हापासून या कामाकडे अनेक तरुण वळले, त्यांच्याविषयी मला आदर आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे अतिरिक्त अन्नाच्या वाटपासंबंधीचे नियम २०१९ मध्ये झाले आणि जुलै २०२० पासून लागू आहेत. नोंदणी, स्वच्छता, साठवण, नोंदवही यांबद्दल त्यांत सांगितलेले प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवे. वैशाखातले वरण रात्री अकरानंतर वस्तीत न्यायचे असेल तर आधी स्वतः चाखून न्या. यापेक्षा अधिक मी त्यावर बोलत नाही, कारण पंगतीतून उरलेल्यावर कुणाचे रोजचे जेवण अवलंबून राहावे हे मला मान्य नाही.

आपल्याकडची जुनी उदाहरणे मला बळ देतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बायका रोज दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत आणि ते मुष्टिफंडात जमा होई. त्यातली ताकद रोजच्या सवयीत होती. सणाची वाट कुणी पाहत नव्हते. रोजच्या मुठीवर वसतिगृहातली मुले जेवत होती, म्हणून घेणाऱ्या मुलाला आणि देणाऱ्या बाईला एकमेकांचे ओझे वाटले नाही. त्याआधी १८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई फुले जुन्नर भागात होत्या. ओतूरहून २० एप्रिलला जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी चाऱ्यावाचून मरणारी जनावरे आणि गाव सोडून निघालेली माणसे यांचे वर्णन केले आहे. धनकवडीच्या बालाश्रमात दुष्काळग्रस्तांची मुले जेवत होती आणि त्यासाठी १७ मे १८७७ रोजी सत्यशोधक समाजाच्या वतीने जोतीरावांनी मदतीचे आवाहन काढले. आधी जाऊन पाहिले, मग मागितले. आपण पुष्कळदा आधी मागतो, गोळा करतो, आणि मग कुणाला द्यायचे ते शोधतो.

अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली फूड बँक जगातली पहिली मानली जाते. तिथेही सुरुवात एका गरजू आईच्या बोलण्यातून झाली असे सांगतात. दुकानांनी टाकून दिलेल्या चांगल्या अन्नावर ती मुले वाढवत होती. पुढे श्रीमंत देशांत अशा कोठ्या हजारोंनी निघाल्या आणि कित्येक कुटुंबांचा महिना त्यांच्याशिवाय निभत नाही अशी अवस्था आली. मला त्यात यशाबरोबर एक इशाराही दिसतो. कोठ्या वाढल्या म्हणून भूक कमी झाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणून मला दामाजीपंतांची आठवण येते. मंगळवेढ्याच्या त्या कथेत आपण विठोबाने रक्कम भरली त्या प्रसंगाशी थांबतो. दुष्काळात भुकेल्यांसाठी दामाजींनी उघडले ते कोठार त्यांच्या मालकीचे नव्हते, राज्याचे होते, रयतेच्याच साऱ्यातून भरलेले. शेकडो वर्षांनी, २००१ साली, सरकारी गोदामांत धान्याचे ढीग आणि राजस्थानात उपासमार हेच दृश्य घेऊन पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या खटल्यातल्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळांत शिजवलेले गरम जेवण देणे राज्यांना बंधनकारक झाले. आज लाखो लेकरे दुपारी खिचडी खातात त्यामागे कुणाची दया नाही, हक्क आहे. आपण सगळ्या कोठ्यांनी मिळून वर्षभर घाम गाळला तरी रेशनच्या एका महिन्याच्या धान्याची बरोबरी होणार नाही. महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी माणसे अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. जी येत नाहीत, ती आपल्या दारात उभी असतात.

ती का येत नाहीत, हे आपल्या प्रत्येक कोठीला माहीत असलेच पाहिजे. लाभार्थ्यांचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. सून आली, नातू झाला, कार्डावर नाव नाही. म्हातारीची बोटे कामाने झिजली, मशीनवर अंगठा उमटत नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव अजून सासरच्या कार्डावर आहे. पोटासाठी गाव सोडलेल्या कुटुंबाला दुसऱ्या गावातही धान्य उचलता येते, पण दुकानदार सांगतो, “तुमचे इथे नाही.” कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, दक्षता समिती आहे, धान्य न मिळाल्यास भत्त्याची तरतूद आहे. शिधा देताना आपण हे विचारले नाही, तर त्या बाईला पुढच्या महिन्यातही आपल्याच दारात यावे लागेल, आणि तिच्या हक्काचे धान्य गोदामातच राहील. माझ्या मते कोठीतल्या तराजूशेजारी रेशनकार्डाचे अर्ज ठेवलेले असावेत आणि ते भरून देणारा माणूस तिथे बसलेला असावा.

आणि फोटो. २०२० च्या टाळेबंदीत आपल्यापैकी अनेकांनी रात्रंदिवस राबून माणसे जगवली, नाशिक महामार्गावर चालत निघालेल्यांना पाणी आणि पोळी-भाजी पोचवली. तो काळ मी विसरू शकत नाही. त्याच काळात पाच माणसांनी धरलेल्या एका पिशवीमागे मान खाली घातलेली बाईही आपण पाहिली. आपल्या कोठीत शिधा घेणाऱ्याचा फोटो निघणार नाही, अशी पाटी दारावर लावा. देणगीदार विचारील तर त्याला वही दाखवा, पावत्या दाखवा, कोठीत येऊन डाळ निवडायला बसवा. खरा देणगीदार आनंदाने बसतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

उद्या सकाळच्या खुल्या सत्रात मी तीन ठराव मांडणार आहे. पहिला, प्रत्येक सभासद संस्थेने मुख्य संकलन दिवाळीऐवजी ज्येष्ठात करावे, म्हणजे आषाढाच्या आत डाळ आणि तेल डोंगरातल्या गावांत पोचेल. दुसरा, संकलनाची यादी शिधा घेणाऱ्या कुटुंबांतल्या बायकांच्या बैठकीत ठरावी आणि कोठीच्या समितीत त्यांच्या निम्म्या जागा असाव्यात. तिसरा, शिधावाटपाच्या वहीत रेशनकार्डाच्या अडचणीचा एक रकाना असावा आणि ते रकाने एकत्र करून दर तीन महिन्यांनी जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना द्यावेत. दुसऱ्या ठरावाला विरोध होईल याची मला कल्पना आहे. काही संस्थांच्या विश्वस्तांनी तो आजच बोलून दाखवला. त्यांनी उद्या व्यासपीठावर येऊन आपले म्हणणे मांडावे, त्यांना पूर्ण वेळ मिळेल. त्यानंतर वस्त्यांमधून आलेल्या ताई बोलतील, आणि मतदान त्यांचे बोलणे ऐकल्यावरच होईल.