बटईची शेती आणि पेट्रोरसायनांचा कारखाना



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी येतात. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आजच्या बोलण्यात पांडित्य आढळले नाही, तर तो दोष आमच्या गुरुजींचा नव्हे, आमचाच समजावा.

विषय आहे पेट्रोरसायनांच्या मोठ्या कारखान्याचा, आणि असा कारखाना भागीदारीत कसा उभा राहतो याचा. कोणी विचारील, समुद्रापासून इतक्या दूर, आमच्या वाशीम जिल्ह्यात, या विषयाचे प्रयोजन काय? त्यांनी घरी गेल्यावर एकदा आपल्या खळ्यावर नजर टाकावी. सोयाबीन भरायचे कट्टे, ठिबकच्या नळ्या, तुषार संचाचे पाईप, सुडी झाकायची ताडपत्री, ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. खनिज तेल शुद्ध करताना नाफ्था नावाचा पातळ पदार्थ निघतो. तो वाफेबरोबर आठशे-साडेआठशे अंशांपर्यंत तापविला, की त्याचे मोठे रेणू फुटतात आणि इथिलीन व प्रॉपिलीन हे वायू मिळतात. या फोडणाऱ्या भट्टीला क्रॅकर म्हणतात. इथिलीनच्या रेणूंची साखळी जोडली म्हणजे तुमची नळी झाली. प्रॉपिलीनची जोडली म्हणजे तुमचा कट्टा झाला.

अशी भट्टी उभारणे एकट्याच्या आवाक्यातले नसते. भांडवल अफाट लागते, तंत्र एकाकडे असते, तेल दुसऱ्याकडे आणि बाजारपेठ तिसऱ्याकडे. म्हणून भागीदारी आली. आपल्या राज्याला ती नवी नाही. चेंबूरला युनियन कार्बाइडचा क्रॅकर 1966 मध्ये सुरू झाला. त्यापाठोपाठ 1968 मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा. नोसिल म्हणजे मफतलाल घराणे आणि शेल ही परदेशी तेलकंपनी यांची भागीदारी. त्या पट्ट्याने हजारो घरांत चूल पेटविली, हे आम्ही कामगार चळवळीतले लोक तरी विसरणार नाही. पुढे जगात कितीतरी मोठे क्रॅकर उभे राहिले, आणि हे जुने क्रॅकर त्यांच्यापुढे टिकले नाहीत.

आता या साऱ्याहून थोरली गोष्ट. सप्टेंबर 2017 मध्ये तीन सरकारी तेलकंपन्यांनी मिळून रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही कंपनी स्थापिली. इंडियन ऑइलचे 50 टक्के, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांचे प्रत्येकी 25 टक्के. एप्रिल 2018 मध्ये सौदी अरबस्तानची आरामको आणि जूनमध्ये अबुधाबीची ॲडनॉक यांच्याशी करार झाले. निम्मा वाटा या दोघींचा, निम्मा आपल्या तिघींचा, असे ठरले. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करायचे, एक कोटी ऐंशी लाख टन पेट्रोरसायने काढायची, आणि खर्च सुमारे तीन लाख कोटी रुपये! जागा ठरली राजापूर तालुक्यात, नाणारच्या परिसरात. तिथल्या आंबा-काजूच्या बागाईतदारांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला, ग्रामसभांनी ठराव केले, आणि मार्च 2019 मध्ये सरकारने ती जागा सोडली. 2022 मध्ये त्याच तालुक्यातल्या बारसू-सोलगावचे नाव पुढे आले. तिथल्या सड्यावर पुराणकाळच्या माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत; युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणच्या कातळशिल्पांबरोबर बारसूचेही नाव आहे. एप्रिल 2023 मध्ये माती तपासण्यासाठी पोलीस बंदोबस्तात यंत्रे आली, तेव्हा बायाबापड्या भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. इतकी वर्षे लोटली, कारखान्याची चिमणी काही उभी राहिली नाही.

असे का झाले? एक पक्ष म्हणतो, कोकणी माणूस प्रगतीचा वैरी. दुसरा म्हणतो, कारखानाच मुळात पाप. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. ज्याने पोरांना कामासाठी गाव सोडताना पाहिले आहे, तो कारखान्याला पाप म्हणणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते कळायला तेलविद्या लागत नाही. बटई ठाऊक असली की पुरे.

आपल्याकडे शेत बटईने दिले जाते. जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची. बियाणे कोणाचे, खताचा खर्च कसा वाटायचा, पीक बुडाले तर काय, हे पाडव्याच्या सुमारास, पेरणीच्या कितीतरी आधी, दोघे समोरासमोर बसून ठरवतात. तोंडी असेल, पण दोघांच्या देखत ठरते. आता रत्नागिरीची भागीदारी पाहा. पैसे घालणारे बसले, तेल देणारे बसले, टक्के ठरले, सह्या झाल्या. ज्याची जमीन जायची तो त्या बैठकीत होता का? ज्याची होडी त्या खाडीत चालते तो? ज्याच्या घामावर तो कारखाना चालायचा तो? वाटणी झाल्यावर त्यांना सांगावा गेला, की आता जागा रिकामी करा. बंधूंनो, आपल्या शेताची बटई दुसऱ्या कोणी परस्पर ठरवली, तर आपण काय केले असते?

राजस्थानात पचपदरा येथे हिंदुस्थान पेट्रोलियमने जी रिफायनरी व पेट्रोरसायन संकुल हाती घेतले, त्यात राज्य सरकारने स्वतः 26 टक्के भाग घेतला. तिथेही खर्च 43 हजार कोटींवरून 73 हजार कोटींच्या घरात गेला, म्हणजे भागीदार झाल्याने तोटा टळतो असे नाही. परंतु राज्याला नफ्यातही वाटा असतो आणि हिशेब विचारण्याचा अधिकारही. उलट उदाहरण आपल्या दाभोळचे. ते विजेचे होते, पण धडा भागीदारीचाच. 1993 चा करार एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्या कंपनीशी झाला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे वीज मंडळाने मोजायचे! 1999 मध्ये वीज आली, 2001 मध्ये केंद्र बंद पडले, त्याच वर्षअखेरीस एन्रॉनचे दिवाळे वाजले. नफा भागीदारांचा, जोखीम जनतेची; याला बटई म्हणत नाहीत.

आता घरची एक गोष्ट. तरुणपणी आम्ही एका रसायन-कारखान्याच्या बांधकामावर खलाशी होतो. फाटकावर मोठा फलक होता. त्यावर तीन भागीदारांची नावे सोनेरी अक्षरांत. आमच्या टोळीतला एक जोडीदार, आपल्याच भागातला, पाईप चढवताना खाली पडला आणि त्याचा पाय गेला. आम्ही कारखान्याकडे गेलो. ते म्हणाले, हा ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणाला, माझ्या पोटठेकेदाराचा. पोटठेकेदार तर गावच सोडून गेला होता. फलकावर नावे तीन, पण त्या एका पायाचा धनी कोणी नाही!

त्या रात्रीपासून आम्ही वाचायला लागलो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा. त्याच्या बाराव्या कलमात लिहिलेले होते, की ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येते. ती एवढी ओळ आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती, आणि ज्यांना होती ते बोलत नव्हते. दावा लावला, तारखा झाल्या, अखेरीस पैसे मिळाले. तोवर त्याच्या घरच्यांनी बैलजोडी विकली होती. कारखाना सुरू झाला त्या महिन्यात आमचे गेटपास जमा करून घेतले. बांधायला हजारो हात लागतात, चालवायला शेकडा. आजही आपली पोरे ठेकेदारामार्फत शटडाऊनच्या कामाला महिना-दीड महिना जातात आणि परत येतात, हे तुम्ही जाणता.

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. पहिला, भागीदारीच्या अटी मराठीत लिहून, जमीन मोजायच्या आधी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, आणि तिथले नाही हे नाही मानावे. दुसरा, जमिनीचा मोबदला एकरकमी देऊन संबंध तोडू नये; कारखाना चालेल तोवर जमीनवाल्याचा वाटा चालावा. तिसरा, फलकावर ज्यांची नावे असतील ते सर्व शेवटच्या ठेका-मजुराला एकत्र बांधील असावेत. भागीदार बदलतात. नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल सरकारी आयपीसीएलचे होते. 2002 मध्ये तिचे नियंत्रण रिलायन्सकडे गेले आणि 2007 मध्ये ती कंपनीच रिलायन्समध्ये विलीन झाली. मालक बदलला तरी जमिनीला आणि मजुराला दिलेला शब्द कारखान्याबरोबर चालला पाहिजे, आणि त्यासाठी तो आधी कागदावर असला पाहिजे.

कोणी म्हणेल, इतक्या अटी घातल्या तर भांडवलवाला येणार कसा? आमचा प्रतिप्रश्न असा, की अटी न घालता तो रत्नागिरीत आला होता ना? मग कारखाना का उभा राहिला नाही? ज्यांना मोजले नाही, त्यांच्याशिवाय कुदळ चालली नाही.

उद्या असा एखादा कारखाना आपल्या जिल्ह्याच्या वाटेने आला, तर त्याचे स्वागत करायला आम्ही पुढे असू. मात्र हार घालण्याआधी करारपत्र मागू.