हातांची आठवण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला आज्ञा केली, ती अशी की, "परक्या देशात जाऊन नाव काढलेल्या एखाद्या शास्त्रज्ञ बाईविषयी बोला, पण हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना समजेल असे बोला." दुसरी अट अवघड आहे असे त्यांना वाटले असावे. मला तसे वाटत नाही. ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे त्या ब्रेंडा मिल्नर यांचा विषय तुमच्याआमच्या घरातलाच आहे. माणूस लक्षात कसे ठेवतो आणि विसरतो कसे, हा तो विषय. शाळेत इतकी वर्षे विज्ञान शिकवूनही मला तो समजला नव्हता. तो घरात चटका बसल्यावर समजला, आणि म्हणून आधी त्या चटक्याचे सांगते.

आमच्या सासूबाई तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या ओळखीच्या होत्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गौरीची आरास त्यांच्या हातची असे. सत्तरी उलटल्यावर त्यांना विसर पडू लागला. दुपारचे जेवण होऊन ताट उचलावे, आणि अर्ध्या तासाने त्यांनी ओट्यापाशी येऊन विचारावे, "आज या घरात जेवणखाण आहे की नाही?" पुढे पुढे त्या गॅलरीत उभ्या राहून जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगू लागल्या, "सून मला उपाशी ठेवते हो." ज्यांनी ते ऐकले त्यांपैकी काहीजणी आज समोर बसल्या आहेत. त्यांना मी दोष देत नाही, कारण माझी चूक त्यांच्याहून मोठी होती.

जेवल्याचे विसरणाऱ्या याच सासूबाई सकाळी उठून नऊवारी लुगडे चापूनचोपून नेसत, आणि देवापुढे बसून कापसाच्या वाती वळीत. एकही वात जाडबारीक नाही. ते पाहून माझ्या मनाने घेतले की, जिच्या हातांना एवढे नीट आठवते तिला दुपारचे जेवण आठवू नये, हे शक्यच नाही. हे सोंग आहे! आणि एक दिवस मी ते त्यांच्या तोंडावर बोलून गेले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदराने डोळे पुसले. पाच मिनिटांनी आपण का रडलो हे त्यांना सांगता आले नसते. मला मात्र ते अजून आठवते.

आता मिल्नरबाईंकडे वळते. त्यांचा जन्म 1918 साली इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात झाला. माहेरचे आडनाव लँगफर्ड. वडील सॅम्युएल लँगफर्ड हे तिथल्या एका नामांकित वृत्तपत्राचे संगीत-समीक्षक. मुलीला ते घरीच शिकवीत. परंतु ती आठ वर्षांची असताना ते वारले. पुढे 1936 साली ती केंब्रिजच्या न्यूनम या स्त्रियांच्या महाविद्यालयात गणित शिकावयास गेली. गणितात आपण फार पुढे जाऊ असे तिला वाटेना, म्हणून तिने विषय बदलला आणि मानसशास्त्र घेतले. विषय बदलणाऱ्या मुलींना आपण धरसोडीच्या म्हणतो. त्यातली एखादी अशीही निघते.

युद्ध सुरू झाल्यावर वैमानिक निवडण्याच्या चाचण्यांचे काम त्यांच्याकडे आले. 1944 साली पीटर मिल्नर या विद्युत अभियंत्याशी त्यांचे लग्न झाले. पतीला अणुसंशोधनाच्या कामासाठी कॅनडात जावयाचे होते. नवी नवरी बोटीवर चढली आणि युद्ध चालू असतानाच अटलांटिक ओलांडून गेली. मुक्काम थोडाच, असा तेव्हा समज होता. तो आयुष्यभराचा झाला.

नवऱ्याच्या नोकरीमागे परमुलखात गेलेल्या बाईचे पुढे काय होते, हे आपल्यातल्या ज्यांच्या लेकीसुना दूरदेशी आहेत त्यांना सांगावयास नको. मिल्नरबाईंनी माँट्रियल शहरातल्या फ्रेंच विद्यापीठात शिकवण्याची नोकरी धरली. बाई इंग्लंडची, आणि शिकवावयाचे ते फ्रेंचमधून! त्या ती नोकरी करीत राहिल्या आणि बरोबरीने मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञांच्या हाताखाली डॉक्टरेटचा अभ्यासही करू लागल्या. हेब यांनी त्यांना 1950 साली वाइल्डर पेनफील्ड या विख्यात शल्यविशारदांच्या मेंदू-संस्थेत पाठविले. तिथे अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या रोग्यांवर मेंदूची शस्त्रक्रिया होत असे. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रोग्याची बुद्धी, भाषा, स्मृती तपासावयाची, हे मिल्नरबाईंचे काम. 1952 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

तिथल्या दोन रोग्यांनी सगळ्यांना कोड्यात टाकले. मेंदूचा कानशिलामागचा भाग एकाच बाजूने काढला होता, तरी त्यांची नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती गेली. इतरांची अशी गेली नव्हती. मग यांचीच का? पेनफील्ड आणि मिल्नर यांनी तर्क केला की, या दोघांचा दुसऱ्या बाजूचा भाग आधीपासूनच बिघडलेला असला पाहिजे. पुढे त्यांतला एक रोगी वारल्यावर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा तो तर्क खरा ठरला.

या कामाची माहिती अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचे शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांच्या वाचनात आली, आणि त्यांनी पेनफील्ड यांना कळविले की असाच एक रोगी माझ्याकडेही आहे. स्कोव्हिल यांनी 1953 साली एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला हा भाग दोन्ही बाजूंनी काढला होता. त्या भागात समुद्रघोड्याच्या आकाराचा एक अवयव असतो; त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. तरुणाची फेफरी पुष्कळ कमी झाली. पण त्याच्या आयुष्याचा धागा तिथेच तुटला. शास्त्रज्ञांच्या लेखांत त्याला नुसते 'एच. एम.' म्हणत. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव 2008 साली तो वारल्यावरच जगाला कळले.

1955 साली मिल्नरबाई माँट्रियलहून आगगाडीने हार्टफर्डला गेल्या. एप्रिल महिना होता. त्यांनी त्याला तारीख विचारली. तो म्हणाला, मार्च 1953. वय विचारले, तर सत्तावीस. त्याचे लहानपण त्याला आठवत होते, बोलणे शहाण्यासारखे होते, बुद्धीच्या चाचणीतही तो सरस ठरला. परंतु खोलीत येण्यापूर्वी ज्या डॉक्टरांशी तो नुकताच बोलला होता, त्यांना भेटल्याचेही त्याला आठवेना. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या घरच्यांनी त्याच रस्त्यावर दुसरे घर घेतले होते. जुना पत्ता त्याला तोंडपाठ, नवा काही केल्या लक्षात राहीना. तीच मासिके तो पुन्हा पुन्हा नव्याने वाची. आणि एकदा दुपारचे जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने काय काय खाल्ले ते त्याला सांगता आले नाही. एवढेच नव्हे, तर आपण जेवलो हेच त्याच्या स्मरणात नव्हते.

भगिनींनो, स्कोव्हिल आणि मिल्नर यांच्या 1957 सालच्या लेखातली ही हकीकत मी प्रथम वाचली, तेव्हा माझ्या हातातले पुस्तक मिटले गेले. जगाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या सासूबाईंच्या कितीतरी आधी, एका तरुण माणसाने तेच केले होते. त्याला कोणी सोंगाडा म्हटले नाही.

मिल्नरबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. याला काहीच शिकता येत नाही का, असा प्रश्न त्यांनी केला आणि एक साधी युक्ती योजली. कागदावर दुहेरी रेषेची एक चांदणी छापलेली. त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची. पण हात झाकलेला, आणि बघावयाचे ते फक्त आरशात. घरी करून पाहा. रांगोळीत हात बसलेल्या बाईचीही रेघ पहिल्यांदा वाकडीतिकडी जाते. हेन्रीचीही गेली. मिल्नरबाईंनी त्याच्याकडून हे तीन दिवस करवून घेतले. दर खेपेस चुका कमी कमी होत गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी तो सफाईने चांदणी काढू लागला. पण यापूर्वी ही चांदणी कधी काढली होती का, असे विचारले, तर त्याला काहीच आठवत नव्हते. हाताला शिकवण पोचली होती आणि धन्याला तिचा पत्ता नव्हता!

तोपर्यंत पुष्कळ विद्वानांची समजूत अशी होती की, स्मृती ही सगळ्या मेंदूभर पसरलेली असते, तिला नेमकी जागा नाही. मिल्नरबाईंच्या कामाने दाखविले की स्मृती एकजिनसी नाही. कोण आले, काय बोलले, काय जेवलो, हे घडलेले प्रसंग टिकाऊ करून ठेवण्याचे काम त्या समुद्रघोड्याचे. हातांचे कसब मात्र मेंदूच्या निराळ्या भागांच्या हवाली असते. लहान मेंदू हा त्यांतलाच एक. एक कोठार जळाले तरी दुसरे शाबूत राहू शकते.

सासूबाईंच्या मेंदूवर कोणी शस्त्र चालविले नव्हते. डॉक्टरांनी त्यांना अल्झायमरचा विकार असल्याचे सांगितले. या विकारात तोच समुद्रघोडा सुरुवातीलाच झिजू लागतो, आणि हातांची आठवण बहुधा पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. म्हणजे त्यांचे वाती वळणे हा सोंगाचा पुरावा नव्हता. तो आजाराचाच खुणेचा दगड होता, आणि मी तो उलटा वाचला.

हे समजल्यावर मी काय केले ते सांगते, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. "ओळखा पाहू मी कोण?" हा प्रश्न मी घरातून बंद केला. मिल्नरबाई हेन्रीला वर्षानुवर्षे भेटत होत्या, तरी त्याला त्या कधी ओळखीच्या झाल्या नाहीत. मग आपल्या माणसाला आपले नाव दहादा सांगावे लागले तर त्यात अपमान कसला? जेवणाचे विचारले की मी वाद न घालता लाडूचा तुकडा हातावर ठेवी. आणि रोज सकाळी त्यांच्यापुढे कापूस ठेवी. वाती वळताना त्या शांत असत. शेवटच्या वर्षी हातही विसरले, कापूस नुसता मुठीत राही. पण मधली तीन वर्षे आम्हां दोघींना बरी गेली.

एक सूचना मात्र करते. प्रत्येक विसर म्हणजे अल्झायमर नव्हे. थायरॉइडच्या दोषाने किंवा बी-बारा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे. म्हणून घरात ठपका ठेवण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे.

मिल्नरबाईंना पुढे मोठे मान मिळाले. 1979 साली त्या लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या, 2014 साली त्यांना काव्हली पारितोषिक मिळाले. नव्वदी ओलांडल्यावरही त्या संस्थेत जात राहिल्या, आणि 2018 साली त्यांनी वयाची शंभरी गाठली. हे सारे मोठेच आहे. परंतु मला त्यांचे ऋण वाटते ते निराळ्या कारणासाठी. समोरचा माणूस विसरतो म्हणून त्याला खोटा न ठरविता त्यांनी कागद, पेन्सिल आणि आरसा घेतला आणि धीराने तीन दिवस त्याच्याशेजारी बसल्या. मी माझ्या सासूबाईंच्या शेजारी तशी बसले असते, तर ते एक वाक्य माझ्या तोंडून गेले नसते.

समोर बसलेल्या ज्या भगिनींनी गॅलरीतले ते बोलणे ऐकले होते, त्यांना विनंती एवढीच, की पुन्हा एखाद्या गॅलरीतून तसे ऐकू आले तर त्या घरी जरूर जावे. सुनेला बोल लावावयास नव्हे, तर घटकाभर त्या म्हातारीजवळ बसावयास, म्हणजे सुनेला तेवढीच उसंत.